नावात गंमत असू द्या, कोडं नको



यावेळच्या व्हिडिओत मी व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या नावांबद्दल बोललो. "सर, आम्हाला लोणचं विकायचंय, तुम्ही गेमचं काय घेऊन बसलात?" असं काहींच्या मनात आलं असेल. सांगतो.

माझ्या पहिल्या धंद्याला मी घरातल्या चौघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून नाव दिलं होतं. मला त्यात फार मोठा अर्थ दिसायचा. गिऱ्हाईक मात्र फोनवर दरवेळी विचारायचं, "काय नाव म्हणालात?" दोन वर्षांनी नाव बदललं. बोर्ड, बिलबुक, पिशव्या, सगळं पुन्हा छापलं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, नावात लपलेला अर्थ जरूर असावा, पण तो कळला नाही तरी नाव चाललं पाहिजे.

आता पॅक-मॅन बघा. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने हा गेम आणला, तोरू इवातानी यांनी तो तयार केला. जपानीत तोंडाची उघडझाप करत खाण्याला 'पाकू-पाकू' म्हणतात. आपण 'गपागप' म्हणतो ना, तसंच! पात्राचं काम काय? गपागप ठिपके खाणं. नाव म्हणजे थेट कामाचा आवाज.

त्यातली चार भुतंही तशीच. त्यांच्या जपानी नावांचे अर्थ आहेत पाठलाग करणारा, दबा धरून बसणारा, लहरी आणि वेड घेऊन पेडगावला जाणारा. प्रत्येक भूत वागतंही तसंच. हे माहीत नसलं तरी गेम खेळता येतो. कळलं की मजा वाढते. नाव असं हवं.

पण हाच गेम अमेरिकेत नेताना अडचण आली. मूळ नाव होतं 'पक-मॅन'. इंग्रजीत लिहिल्यावर पहिल्या अक्षराची एक रेघ कोणी खरवडली तर शिवी तयार होईल, ही भीती होती. म्हणून 'पॅक-मॅन' केलं. तुमचा माल उद्या बेळगावला, सुरतेला, दुबईला गेला, तर तिथल्या भाषेत तुमच्या नावाचा काय अर्थ होतो? छापण्याआधी विचारून घ्या.

तुम्ही म्हणाल, "मग मारिओचं काय? त्या नावात कुठे काम दिसतं?" बरोबर! १९८१ च्या डाँकी काँगमध्ये त्या पात्राला आधी नुसतं 'जंपमॅन', म्हणजे उड्या मारणारा, म्हणत होते. मारिओ हे नाव आलं निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकावरून. ना मुहूर्त, ना अंकशास्त्र. नाव मोठं झालं ते गेम चांगले निघाले म्हणून, आणि त्यामागे वर्षानुवर्षं पैसा ओतला म्हणून. आपल्याकडे तेवढा पैसा नाही. म्हणून मी सांगतो, सुरुवातीला पॅक-मॅनची वाट धरा. नाव ऐकताच काम, चव किंवा आवाज डोक्यात यावा. अंकशास्त्रासाठी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त घालून गिऱ्हाईक वाढत नाही. उलट ऑनलाइन शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. 'डाँकी काँग' हे नाव आमच्या 'किंग काँग'च्या हक्कावर गदा आणतं, म्हणून युनिव्हर्सल स्टुडिओने १९८२ साली निन्टेन्डोवर दावा ठोकला. निन्टेन्डो जिंकली. त्यांचे वकील होते जॉन कर्बी. पुढे १९९२ मध्ये एक गोलमटोल पात्र आलं, त्याचं नाव 'कर्बी' ठरण्यात या वकिलांच्या नावाचाही वाटा होता. निन्टेन्डोला तगडा वकील परवडला. तुम्हाला परवडेल का?

म्हणून ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर नाव आधी शोधा. शोध मोफत आहे. मसाल्याचा वर्ग ३०. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये, आणि नोंदणी १० वर्षं चालते. पण एक लक्षात ठेवा, 'उत्तम मिरची पूड' असं मालाचं नुसतं वर्णन असेल तर नोंदणी सहसा मिळत नाही. कामाची आठवण करून द्या, पण सरळ वर्णन नको. पाकू-पाकूचं तेच तर आहे!

आजचा गृहपाठ: तीन नावं काढा. शेजारच्या काकूंना फोनवर एकदाच सांगा. दुसऱ्या दिवशी विचारा, कोणतं आठवतंय? जे त्यांना आठवेल, ते घ्या. मनातला खोल अर्थ नंतर चहा पिताना सांगायला ठेवा.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!