ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, ते आधी पाहा

घरून काम करणारा प्राध्यापक आणि घरून काम करणारा बाबू म्हणजे विद्यापीठाच्या कुंपणाला पडलेलं भगदाड, असं एका कार्यशाळेत एका तज्ज्ञांनी आम्हाला सुनावलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तालुक्याच्या गावातल्या लोकांना सायबर सुरक्षा कळत नाही, घरचं वायफाय उघडं असतं, पोरं त्याच लॅपटॉपवर गेम खेळतात. म्हणून गुण भरणं, परीक्षा अर्ज तपासणं, नॅकची कागदपत्रं चढवणं हे सगळं ऑफिसात, ऑफिसच्याच संगणकावर आणि ऑफिसच्याच वेळेत व्हावं. पासवर्ड दर महिन्याला बदलावा. हे जमत नसेल त्याने अमरावती गाठावी. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

अमरावती गाठावी! आमच्या जळगाव जामोदला रेल्वे नाही, गाडी धरायला नांदुऱ्याला जावं लागतं आणि अमरावतीचं विद्यापीठ दीडशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे. एक आकडा दुरुस्त करायला अख्खा दिवस आणि एक रजा जाते. 2020 च्या टाळेबंदीत याच लोकांनी घरून शिकवलं, घरून परीक्षा पार पाडल्या, तेव्हा कुणाला भगदाड दिसलं नव्हतं.

दर महिन्याच्या पासवर्डाचं एका वाक्यात सांगतो: सारखा पासवर्ड बदलायला लावू नका, माणसं शेवटचा आकडा तेवढा बदलतात, म्हणून लांब पासवर्ड ठेवा, असं अमेरिकेच्या मानक संस्थेने 2017 मध्येच लिहून ठेवलं आहे.

मला खरा राग ओटीपीवरच्या त्यांच्या प्रवचनाचा आहे. “ओटीपी कुणालाही सांगू नका” हे वाक्य त्यांनी पाच वेळा म्हटलं. बरोबरच आहे. पण आमच्याकडे ओटीपी न सांगता काम होतं कुठे? तालुक्यातल्या एका कॉलेजात मी अंतर्गत गुण भरतो, तिथली गोष्ट सांगतो. पोर्टलवर कॉलेजचा लॉगिन एकच. त्याला जोडलेला मोबाइल नंबरही एकच, बडे बाबूंचा. शेवटच्या तारखेला रात्री साडेनऊला मी घरी लॅपटॉप उघडून बसलो. बडे बाबू सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात लग्नाला गेलेले. तिथे रेंज फक्त गच्चीवर. मी फोन केला, “बडे बाबू, लवकर सांगा ना जी, टाइम चालला.” ते वाजंत्र्यांच्या आवाजात ओरडून सहा आकडे सांगतायत, मी टाइप करतोय आणि स्क्रीनवर “अवैध ओटीपी”. कारण त्याच मिनिटाला कॉमर्सच्या सरांनीही ओटीपी मागवला होता आणि नवा आला की जुना मेला. शेवटी बाबूंनी वैतागून आकडे सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. त्या ग्रुपात तीन वर्षांपूर्वी अकोल्याला गेलेले एक सर होते, तासिका तत्त्वावरची नोकरी सोडून गेलेल्या एक मॅडम होत्या, निवृत्त झालेले ग्रंथपाल होते. त्या सगळ्यांच्या खिशात त्या रात्री कॉलेजची किल्ली होती.

पुढच्या आठवड्यात एक मुलगी रडत आली. तिला 21 मिळाले होते, पोर्टलवर 12 दिसत होते. कुणी भरले? पोर्टलच्या नोंदीत एकच नाव, कॉलेजचं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. माझ्याच हातून झालं असेल, नसेलही. ते आजही सांगता येत नाही. तिला दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागले, ते मी विसरलेलो नाही.

आता सांगा, आम्ही ऑफिसात बसून भरलं असतं तर काय वेगळं झालं असतं? तिथे पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे. तिथल्या संगणकावर विंडोज 10 आहे आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राइव्ह तिथेच लागतो. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर ठप्प झाले, कित्येक दिवस कागदावर काम चाललं. ते सर्व्हर कुणाच्या घरी नव्हते. नेटवर्कचे भाग नीट वेगळे ठेवलेले नव्हते, असं कारण सरकारने संसदेत दिलं.

जागा बघून सुरक्षितता ठरवायची ही मानसिकता जुनी आहे. बायोमेट्रिक हजेरी आली तेव्हाही हाच वाद झाला होता. अंगठा उमटला म्हणजे तास झाला, असं तेव्हा सांगितलं गेलं. माणूस डोळ्यांसमोर असला की काम सुरक्षित, हा समज अशा तज्ज्ञांच्या डोक्यातून जातच नाही.

याच तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला त्यावरून पीक-पाण्याचं भाकीत सांगतात. भाकितावर कुणाचा विश्वास असो वा नसो, घट उघड्या शेतात असतो, त्याला भिंत नाही. पण मांडणारे हात कुणाचे आणि सकाळी पाहणारा कोण, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक असतं. आमच्या पोर्टलला नेमकं तेवढंच नाही.

मग हवं काय? प्रत्येकाला स्वतःचा लॉगिन आणि ओटीपी ज्याच्या-त्याच्या फोनवर, शक्य तिथे ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे रेंज नसली तरी आकडे मिळतात. माणूस कॉलेज सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा लॉगिन बंद. घरच्या लॅपटॉपवर कामासाठी वेगळं खातं, पोरांचं वेगळं. सायबर फसवणुकीत पैसे गेलेच तर 1930 हा नंबर दारामागे लिहिलेला. एप्रिल 2020 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नाही असं सांगितलं, पण वापरणाऱ्यांसाठी प्रत्येक बैठकीला नवा पासवर्ड, वेटिंग रूम, बैठकीला कुलूप हे उपायही लिहून दिले. तज्ज्ञांनी आम्हालाही असंच काही लिहून द्यावं.

अंतर्गत गुणांचा ओटीपी माझ्या नंबरवर यावा, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे. त्यावर आवक क्रमांक पडला आहे. पुढच्या सत्राची शेवटची तारीख यायच्या आत उत्तर हवं आहे.