सासूबाई, लाडू टाळा!

डॉक्टर होऊ घातलेले माणूस घरात असले, की घराची कळाच बदलते. आमची पुतणी एम. बी. बी. एस.च्या पहिल्या वर्षाला आहे. फराळाच्या डब्यांच्या फळीवर सध्या हाडांची पेटी विराजमान झाली आहे.

या विद्येतला थोर ग्रंथ म्हणजे ग्रेची ‘अ‍ॅनाटॉमी’. तो निघाला १८५८ साली. त्यातली चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच साली मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. नाते असे जवळचे. पण पोरगी वाचते चौरसियांचे पुस्तक! वाक्ये आखूड, मुद्दे क्रमवार आणि चित्रे परीक्षेत पेन्सिलीने भराभर काढता येण्याजोगी. उरलेले शिक्षण मोबाइलवर. तेथे प्राध्यापक दुप्पट वेगाने बोलतात. (माझ्या वर्गाला ही सोय मिळाली, तर मुले पेढे वाटतील.)

मनगटातल्या आठ हाडांसाठी ही मुले एका सुंदर मुलीवरचे इंग्रजी वाक्य घोकतात. मी ‘यमाताराजभानसलगम्’ शिकवणारा माणूस, मला राहवेना. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. यांवर मी मराठी सूत्र रचले : ‘सासूबाई, लाडू टाळा, पण टोपलीत टाकलेल्या करंज्या हाणा!’ आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती कोणत्याही ग्रंथात सापडायची नाही.

“छान आहे, काका,” पुतणी म्हणाली, “पण ट्रॅपेझियम कोणते नि ट्रॅपेझॉइड कोणते, हे तुमच्या टोपलीतून कसे कळणार?”

तिने माझा अंगठा मागे ताणला. मनगटाशी खळगा पडला. पूर्वी लोक तेथे चिमूटभर तपकीर ठेवून ओढीत, म्हणून इंग्रजीत त्याला नावच तपकिरीच्या डबीचे. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड असते. हातावर पडलेल्या माणसाचे हे हाड मोडले, तरी पहिल्या क्ष-किरण चित्रात ते कित्येकदा दिसत नाही. मग ‘मुरगळले असेल’ म्हणून तो घरी जातो, आणि इकडे रक्त न मिळाल्याने हाडाचा तुकडा मरू शकतो. म्हणून त्या खळग्यात बोट दाबून दुखते का, ते पाहावेच लागते.

पुढची पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा मात्र चार पर्यायांची. तेथे बोटाला काम नाही, सासूबाई पुरतात. मग पोरांनी त्यांचेच पाय धरले तर रागवायचे कोणावर? प्रश्न काढणारे तर आम्ही मास्तर लोकच!

आमची पुतणी तूर्त दोन्ही करते. सूत्र घोकते आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे मनगट दाबून पाहते. भाऊबीजेला यायचे तर जरूर या. अंगठा मात्र सांभाळा.