वकीलपत्रावर सही कुणाची?

वस्तीतली पोरं बी.ए. झाली की दारात येतात. दादा, आता पुढं काय? यंदा तिघांनी एकच विचारलं : गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करू का? हातात गुळगुळीत कागदाची जाहिरात. त्यावर हातकडी, बोटाचा ठसा अन् कोट घातलेला गोरागोमटा पोरगा. कुठल्या कॉलेजची ते सोडा, असली दुकानं आता गल्लोगल्ली आहेत.

दोस्तांनो, ती डिग्री मी केलीय. दोन वर्षं घासून केली, त्याची लाज नाही. पण डिग्री घेऊन आलो त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं एक पोरगं चोरीच्या संशयावरून उचललं. त्याची आई माझ्या दारात. "तू कोर्टाचंच शिकलास न्हवं? मग चल." गेलो. ठाण्याच्या व्हरांड्यात रात्र काढली. सकाळी कोर्टात पुढं सरलो तर पट्टेवाला म्हणाला, मागं बसा. वकीलपत्रावर माझी सही चालत नव्हती. गुन्हेगार का घडतो यावर वीस पानं लिहू शकणारा मी, पण त्या पोराच्या जामिनासाठी तोंड उघडायचा हक्क मला नव्हता. वकिलाच्या फीसाठी म्हातारीनं कानातलं मोडलं.

म्हणून माझं मत सरळ आहे. आधी एलएल.बी. पदवीनंतर तीन वर्षांची. बाकी सगळं त्याच्यानंतर.

गुन्हेगारीशास्त्र वाईट आहे असं नाही. पण त्याचा जन्म कुठं झाला ते विसरू नका. १८७६ साली इटलीत लोंब्रोसोनं पुस्तक काढलं अन् जबडा, कपाळ, कान मोजून जन्मजात गुन्हेगार ठरवायला लागला. त्याच्याही पाच वर्षं आधी, १८७१ ला, इंग्रजानं इथं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेआड पोरं जन्मली ती गुन्हेगार म्हणूनच. कायदा १९५२ ला गेला. फौजदाराच्या डोक्यातून तो कधी गेला, पारध्याच्या पालावर जाऊन विचारा. हे शास्त्र आपल्यावर लिहिलं गेलंय. ते उलटं वाचायला शिकायचं असेल तर जरूर शिका, पण हातात सनद असू द्या.

कारण आपली केस मरते कुठं? भाषणात मरत नाही, कागदावर मरते. ॲट्रॉसिटीचा तपास डीवायएसपी दर्जाच्या खालच्या माणसानं करायचा नाही, हा १९९५ चा नियम. तपास जमादारानं केला, फिर्यादीला जातीचा दाखला जोडला नाही, पंचनाम्यात जातिवाचक शब्दच उतरला नाही. झालं, आरोपी हार घालून गावात. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका घरातली चार माणसं मारली. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टात खुनाची शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. म्हणजे माणसं मेली, पण जात निर्दोष सुटली! त्या जागी, सरकारी वकिलाच्या खुर्चीत, आपल्यातलं कोण बसलंय? त्या खुर्चीत बसायचं तर एलएल.बी. लागते, नंतर वकिलीची वर्षं लागतात. मॅजिस्ट्रेट व्हायचं तर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झालीय. ज्याच्या बापाचं ऑफिस आहे त्याला ही तीन वर्षं म्हणजे गंमत. आपल्या पोराला सीनियर चहाचे पैसे देत नाही. हे ठाऊक असूनही सांगतोय, कारण दुसरा रस्ता मला दिसत नाही. तोवर शिकवण्या घ्या, टायपिंग करा. पीएसआयच व्हायचंय का? मग कुठलीही पदवी चालते, त्यासाठी एम.ए. वर पैसे घालू नका.

बी.एस्सी. वाल्यांनी मात्र फोरेन्सिकचा विचार करावा. मुंबईत, नागपुरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फोरेन्सिक तज्ज्ञ नेणं बंधनकारक केलंय, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. रक्ताचा डाग पंचासारखा फितूर होत नाही. (नमुना घेणारा होतो, ती गोष्ट वेगळी.)

अन् तुरुंगात काम करायचं असेल तर? २०२२ च्या सरकारी आकड्यांत दर चार कैद्यांमागं तीन कच्चे. त्यांच्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून राबतोय. तिथलं शिक्षण जेलात, ठाण्यात नेऊन उभं करतं, नुसतं वर्गात नाही. पण त्याच संस्थेत २०१८ ला आपल्या पोरांना फीसवलतीसाठी संप करावा लागला, हेही ध्यानात ठेवा. प्रवेशाआधी लेखी विचारा : शिष्यवृत्ती येईपर्यंत फी कोण भरणार? फील्डवर्क कुठल्या तुरुंगात? जाहिरातीतलं दुकान इथंच गडबडतं.

आणखी एक कबुली देतो. तुरुंगात जातीवर झाडूकाम वाटणारे नियम सुप्रीम कोर्टानं ३ ऑक्टोबर २०२४ ला रद्द केले. ती याचिका सुकन्या शांता या पत्रकार बाईची. वकील नाही, गुन्हेगारीशास्त्रज्ञ नाही. तेव्हा डिग्रीचा माज कुणी करू नये, मीसुद्धा. पण त्या बातमीचा निकाल व्हायला वकील उभे राहावेच लागले.

पैशाचं म्हणाल तर सनदेची फी आपल्याला १२५ रुपयांच्या वर घेता येत नाही, जुलै २०२४ चा निकाल आहे. कुणी हजारात मागितली तर तो कागद तोंडावर फेका. एलएल.बी. ला पदवीत ४० टक्के पुरतात.

मी स्वतः यंदा सीईटीचा फॉर्म भरतोय, या वयात. तुम्ही तिघं रविवारी या. जातीचा दाखला अन् तिन्ही वर्षांच्या मार्कलिस्टा घेऊन या, झेरॉक्ससकट.