सुवर्णपदकाची किल्ली कोणाच्या हाती?

१७ जानेवारी २०१८ रोजी दक्षिण कोरियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी जिंचन येथील राष्ट्रीय क्रीडा प्रशिक्षण केंद्रास भेट दिली. प्याँगचांगचे हिवाळी ऑलिंपिक तोंडावर आले होते आणि खेळाडूंस धीर व आशीर्वाद देण्यासाठी ही भेट योजिलेली होती. सारे खेळाडू हजर होते. शॉर्ट ट्रॅक स्केटिंगच्या महिला संघाची कर्णधार शिम सुक-ही तेवढी नव्हती. तिला सर्दीतापाने गाठले आहे, असे पाहुण्यांस सांगण्यात आले. वस्तुतः आदल्याच दिवशी तिच्या प्रशिक्षकाने तिला बेदम मारले होते आणि ती छावणी सोडून निघून गेली होती. पुढच्याच महिन्यात हीच मुलगी रिले शर्यतीचे सुवर्णपदक गळ्यात घालून देशबांधवांपुढे उभी राहिली! कोरियाच्या या खेळातील यशाचा ताळेबंद मांडावयाचा, तर तो या गैरहजेरीसह मांडला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे बर्फाची गाठ बहुधा सरबताच्या पेल्यातच पडत असल्यामुळे या खेळाविषयी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. स्केटिंगच्या जुन्या, लांब मार्गाच्या शर्यतीत ४०० मीटरांच्या रिंगणावर खेळाडू घड्याळाशी झुंजतो. शॉर्ट ट्रॅकचे रिंगण जेमतेम १११ मीटरांचे. तेथे घड्याळाला दुय्यम स्थान; चार-सहा जण एकाच वेळी सुटतात आणि जो आधी पोहोचेल तो जिंकतो. वळणे इतकी तीव्र की शरीर जवळजवळ आडवे होते आणि डाव्या हाताची बोटे बर्फास टेकतात. केवळ वेगवान असून भागत नाही; केव्हा मागे राहावे, कोणाच्या आडोशाने चालावे आणि कोणत्या क्षणी बाहेरच्या बाजूने मुसंडी मारावी, याची बुद्धी लागते. बळापेक्षा युक्तीला वाव देणारा हा खेळ कोरियाने आपलासा केला.

१९९२ साली आल्बेरव्हिल येथे शॉर्ट ट्रॅकला ऑलिंपिकमध्ये पदकाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी किम की-हून याने १००० मीटरची शर्यत जिंकून कोरियास हिवाळी ऑलिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. १९९८ साली नागानोत किम डोंग-संग याने अंतिम रेषेवर पायाचे पाते पुढे फेकून चीनच्या ली जियाजुनच्या तोंडचा घास काढून घेतला. २०१४ साली सोची येथे रिले शर्यतीच्या अखेरच्या फेरीत चीनच्या खेळाडूस बाहेरून मागे टाकणारी सतरा वर्षांची मुलगी म्हणजे हीच शिम सुक-ही. २०१८ च्या रिले उपांत्य फेरीत एक सहकारी आरंभीच पडली असता चोई मिन-जंग हिने क्षणाचाही विलंब न लावता तिच्या हाताला हात लावून शर्यत पुढे नेली. मागे पडलेला तो संघ पहिला तर आलाच, शिवाय ऑलिंपिकचा विक्रमही करून गेला. २०२२ पर्यंत कोरियाने हिवाळी ऑलिंपिकमध्ये जिंकलेल्या ३३ सुवर्णपदकांपैकी २६ एकट्या या खेळातील आहेत. हे कौशल्य कोणाच्या मेहेरबानीचे नव्हे. ते बर्फावर घाम गाळून मिळविलेले आहे, आणि त्यास आमचा मनःपूर्वक मुजरा आहे.

परंतु कोरियात पदक हे केवळ भूषण नव्हे. तेथील तरुणांस लष्करी सेवा सक्तीची आहे. ऑलिंपिकमधील कोणतेही पदक किंवा आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक मिळविणाऱ्यास मात्र अल्पकाळाच्या प्राथमिक शिक्षणावर त्यातून मोकळीक मिळते. पदकविजेत्यांस सरकारकडून तहहयात मासिक मानधनही असते. ऐन उमेदीची वर्षे बराकीत जाणार की बर्फावर, याचा निकाल काही सेकंदांत लागतो, म्हणून सहकारी हाच प्रतिस्पर्धी होऊन बसतो. पार्क जी-वन याचे उदाहरण पाहावे. जागतिक चषक मालिकेचे विजेतेपद त्याने सलग दोन हंगाम मिळविले, तरी सैन्यसेवेची टांगती तलवार काही दूर झाली नाही. मार्च २०२४ मध्ये रॉटरडॅमच्या जागतिक स्पर्धेत लागोपाठ दोन दिवस दोन अंतिम शर्यतींत त्याची पदके हुकली ती परकीयांमुळे नव्हे, तर ह्वांग दे-हन या स्वदेशीय सहकाऱ्याशी झालेल्या टकरींमुळे. संघटनेच्या चौकशीत हेतू सिद्ध झाला नाही. पण कोरियाभर जो संशय पसरला, तो या व्यवस्थेविषयी पुरेसा बोलका आहे. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्बिन येथील आशियाई हिवाळी स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून पार्क मोकळा झाला.

आता ज्या पदकावर तरुणाचे सारे आयुष्य अवलंबून, त्या पदकाची वाट राष्ट्रीय संघातून जाते. संघाची वाट प्रशिक्षकाच्या अंगणातून. आणि प्रशिक्षकाची नेमणूक संघटनेत ज्या गटाचे वजन असेल त्या गटाकडून. लहान वयात मूल एकाच शिक्षकाच्या हवाली केले जाते. त्याने मारले तरी आईबापांनी तोंड उघडायचे कसे? शिम सुक-ही हिने न्यायालयात सांगितले की, चौथीत असताना याच प्रशिक्षकाने हॉकीच्या काठीने मारून तिच्या बोटाचे हाड मोडले होते. मारापेक्षाही भयंकर असे लैंगिक अत्याचार, तेही ती अल्पवयीन असल्यापासून, त्याने केले, हे तिने २०१९ च्या आरंभी धैर्याने उघड केले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तेरा वर्षांची शिक्षा कायम केली. अशा मारास कोरियात 'प्रेमाची छडी' असे गोंडस नाव आहे. आम्ही पूर्वायुष्यात वर्गावर उभे राहिलेलो आहोत आणि छडीचे गोडवे गाणारे सहाध्यापक पुष्कळ पाहिले आहेत. छडीने विद्यार्थी गप्प बसतो, एवढेच आम्ही पाहिले. त्याला गणित आल्याचे काही आमच्या पाहण्यात नाही.

'पण पदके तर मिळतात ना?' हा प्रश्न तेथेही विचारला जातो. यास आन ह्यून-सू याचे उत्तर पुरेसे आहे. २००६ साली तोरिनो येथे त्याने तीन सुवर्णपदके जिंकली. त्या वेळी राष्ट्रीय संघ गटबाजीने असा दुभंगला होता की आन आपल्या प्रशिक्षकासह महिलांच्या संघाबरोबर सराव करी. देश एक, ध्वज एक आणि चुली दोन! मायदेशी परतल्यावर विमानतळावरच त्याचे वडील आणि संघटनेचे एक पदाधिकारी यांच्यात झटापट झाली. पुढे गुडघा दुखावला, २०१० च्या संघातून तो राहिला, ज्या सोंगनाम शहराच्या संघातून तो खेळे तो संघही बरखास्त झाला, आणि २०११ मध्ये त्याने रशियाचे नागरिकत्व पत्करले. स्वतः आनने सारा दोष गटबाजीवर टाकलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तथापि २०१४ साली सोचीत 'व्हिक्टर आन' या नावाने त्याने पुन्हा तीन सुवर्णपदके घेतली, आणि कोरियाचे पुरुष शॉर्ट ट्रॅकमध्ये एकही पदक न घेता परतले. कसब आनचे होते, ते त्याच्याबरोबर गेले. छडी आणि गट मात्र घरीच राहिले आणि त्यांनी एकही पदक मिळवून दिले नाही!

हा एकटाच गेला असेही नव्हे. २०१८ चा १५०० मीटरचा विजेता लिम ह्यो-जुन एका सहकाऱ्याशी केलेल्या चेष्टेच्या प्रकरणात निलंबित झाला आणि २०२० मध्ये चीनचा नागरिक बनला; न्यायालयाने त्यास पुढे निर्दोष ठरविले, पण तोवर पक्षी उडाला होता. हार्बिनला ५०० मीटरचे सुवर्ण त्याने लिन श्याओजुन या नावाने चीनसाठी जिंकले. बीजिंगच्या २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये चिनी संघाचे मुख्य प्रशिक्षकही कोरियाचेच किम सुन-ते होते.

२०२० मध्ये कोरियाने तक्रारींच्या चौकशीसाठी क्रीडा नीतिमत्ता केंद्र स्थापन केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु तक्रार करणाऱ्याची जागा संघात सुरक्षित राहील, याची हमी कोण देणार? शिम सुक-ही हिचे खाजगी संदेश २०२१ मध्ये चव्हाट्यावर आले. सहकाऱ्यांविषयी त्यांत तिने काढलेले उद्गार अशोभनीय होते यात शंका नाही, आणि त्यासाठी दोन महिन्यांचे निलंबन होऊन तिचे बीजिंग हुकले. मात्र लहानपणापासून मैत्रिणीस शत्रू समजावयास शिकविणाऱ्या व्यवस्थेस कोणी एका दिवसासाठीही निलंबित केले नाही. निवडचाचणीचे पंच आणि संघाचे प्रशिक्षक यांचा परस्परांशी कसलाही लागाबांधा नसावा, लहान मुलांच्या सरावाच्या जागी पालकांस मुक्तद्वार असावे आणि सैन्यसेवेतील सवलत एका शर्यतीच्या निकालावर न टांगता अनेक वर्षांच्या कामगिरीवर द्यावी, एवढे तरी सोलच्या राज्यकर्त्यांस करता येण्यासारखे आहे.