खड्डा कंत्राटदाराचा, हप्ता नागरिकाचा

पावसाळा आला की महाराष्ट्रातील शहरांत खड्ड्यांची चर्चा सुरू होते आणि दिवाळीच्या सुमारास डांबराचा एक थर पडला की ती संपतेही. खड्ड्याने केलेल्या हानीचा खर्च अखेर कोण सोसतो, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो.

‘विमा आहे, मग चिंता कशाची?’ अशी वाहनमालकाची समजूत असते. कायद्याने सक्तीचा असलेला विमा त्रयस्थ पक्षासाठी असतो. स्वतःच्या गाडीचे चाक वाकले तर त्यातून छदामही मिळत नाही. सर्वंकष विम्यातही अटी आडव्या येतात. नुसता टायर फुटला तर सामान्यतः भरपाई नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरची निम्मी किंमत. खड्ड्यात आपटून इंजिनाखालचे ऑइल चेंबर फुटले आणि गाडी तशीच दामटल्याने इंजिन निकामी झाले, तर ती ‘परिणामजन्य हानी’ ठरून दावा फेटाळला जाण्याची शक्यता दाट. इतके सोपस्कार होऊन दावा मंजूर झालाच, तर ‘नो क्लेम बोनस’ जातो. हप्त्यावरील २० ते ५० टक्क्यांची ही सवलत गमावण्यापेक्षा किरकोळ दुरुस्ती पदरमोड करून उरकणे बरे, हा व्यवहारी हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्यामुळे खड्ड्याची नोंद कोठेच होत नाही.

देहाला इजा झाली तर अवस्था अधिकच बिकट. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यातून मृत्यू, अवयव वा दृष्टी गमावणे आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व यांचीच भरपाई मिळते. खड्ड्यात दुचाकी घसरून मनगट मोडले, दीड महिन्याचा रोजगार बुडाला, तर या विम्याकडून काहीही नाही. मागे बसलेल्या पत्नीचा तर त्यात विचारच नाही.

ज्याच्या हलगर्जीपणाने हे घडले, त्याचे काय? मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास यंत्रणा व कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद केली. मात्र तो दंड शासकीय निधीत जमा होतो, पीडिताच्या हाती पडत नाही.

या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ पासून चाललेल्या जनहित याचिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या आदेशाचे मोल मोठे आहे. खड्डे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख. दाव्यानंतर ६ ते ८ आठवड्यांत रक्कम द्यायची आणि दोषी अधिकारी वा कंत्राटदाराकडून ती वसूल करायची. महापालिका क्षेत्रात दाव्याचा निर्णय आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे. दंडाची झळ प्रथमच खड्डा ठेवणाऱ्याच्या खिशाला पोहोचू शकेल. करदात्यांच्या तिजोरीतून भरपाई देऊन वसुलीची फाईल बासनात गेली नाही, तर!

वाहनाच्या मोडतोडीला हा आदेश लागू नाही. तेथे अजून विमा कंपनीचीच पायरी चढावी लागते. दोन्हीकडे पुरावा लागतो: पोलिसांतील नोंद, रुग्णालयाची कागदपत्रे, साक्षीदार आणि जागेची छायाचित्रे. यांतले शेवटचे त्याच दिवशी हवे. वर्षभर न हललेली यंत्रणा अपघातानंतर मात्र रातोरात खडी आणून टाकते आणि सकाळी पंचनाम्याला गेलेल्यांना रस्ता सपाट दिसतो.