फोटोंना बोहारीण नाही

आपल्याकडे जुनी वस्तू घराबाहेर पडायचा एक ठरलेला रस्ता असायचा. साड्या, शर्ट-पॅंटी बोहारणीकडे जायच्या आणि बदल्यात एखादं स्टीलचं पातेलं घरात यायचं (त्यासाठी दारात बसून दुपारभर घासाघीस करणं हा आई आणि शेजारच्या काकूंचा आवडता कार्यक्रम). वर्तमानपत्रं रद्दीवाल्याकडे. डबे-बाटल्या भंगारवाल्याकडे. आजीचं लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसण्याचं पुढे काय झालं हे कोणी कधी विचारलं नाही. देवाची भंगलेली तसबीरसुद्धा अडकून पडत नाही. ती विसर्जनाला जाते, नाहीतर कोणीतरी गुपचूप पिंपळाच्या पारावर ठेवून येतं.

फोटोंना मात्र बोहारीण नाही.

रद्दीवाला फोटो घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. साधारण सत्तरच्या दशकापासून फोटोच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, साध्या रद्दीबरोबर त्याचा लगदा होत नाही. जाळावेत तर त्या प्लॅस्टिकचा धूर, आणि माणसांचे चेहरे आपल्या हातानं जाळायचे ही कल्पनाच कशीतरी वाटते. फाडावेत तर 'जिवंत माणसाचा फोटो फाडू नये' आणि गेलेल्या माणसाचा तर मुळीच नाही! मग उरतं काय? माळा. जपानमध्ये जुन्या बाहुल्या कचऱ्यात टाकायला लोकांचा हात धजत नाही म्हणून त्या देवळात नेऊन देतात, तिथे त्यांच्यासाठी प्रार्थना होते आणि मग त्यांना निरोप दिला जातो. आपण गणपतीला वाजतगाजत निरोप देणारी माणसं, पण काकाच्या मुंजीच्या अल्बमला कसा द्यायचा हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे आईची कोथरूडची सोसायटी पुनर्विकासाला गेली. पस्तीस वर्षांचं घर रिकामं करायचं आणि नवीन इमारत होईपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं. भांडी, कपडे, पुस्तकं यांचा निकाल चार शनिवार-रविवारांत लागला. मग माळ्यावरून खाली आली एक पत्र्याची ट्रंक, नऊ अल्बम, बिस्किटांचे तीन डबे आणि एक उशीचा अभ्रा. अभ्र्यातही फोटोच होते. का, ते कोणालाच सांगता आलं नाही.

आवराआवरीवरची दोन गाजलेली पुस्तकं मी वाचली आहेत. एक मारी कोंडो या जपानी बाईंचं (जपानीत २०१० च्या अखेरीस आलं, इंग्रजीत २०१४ मध्ये, आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांचा कार्यक्रम आल्यावर आपल्याकडेही घरोघरी मोजे उभे घडी करून ठेवायची साथ आली). दुसरं मार्गारेटा मॅग्नुसन या स्वीडिश आजींचं, २०१७ चं. स्वीडिशमध्ये त्याला 'डोस्टेडनिंग' म्हणतात, म्हणजे मरणाआधीची आवराआवर. आईला मी हे कौतुकानं सांगितलं तर म्हणाली, "त्याला स्वीडनचं पुस्तक कशाला हवं? माझी आजी हेच करायची की. शेवटच्या दोन वर्षांत एकेक लुगडं, एकेक भांडं स्वतःच्या हातानं देऊन मोकळी झाली."

तर सांगायचा मुद्दा असा, की या दोन्ही बायकांचं एका गोष्टीवर एकमत आहे. फोटो आणि आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी घ्या. आधी घेतल्यात तर त्यातच रमाल आणि काम तिथेच थांबेल. आणि मला नेमकं हेच पटत नाही.

स्वतःचं घर आवरणाऱ्या चाळिशीतल्या बाईसाठी हे ठीक असेल. पण आपण जेव्हा आई-वडिलांचं घर आवरतो तेव्हा क्रम उलटा हवा. कपडे वाट बघतील, भांडी वाट बघतील, नावं वाट बघणार नाहीत. आमची मोठी काकू दोन वर्षांपूर्वी गेली. बाबांच्या सांगलीकडच्या गोतावळ्यातला कोण कोणाचा कोण हे फक्त तिला ठाऊक होतं. आता एक अख्खा अल्बम असा आहे, की त्यात आमचंच नाक आणि आमचेच कान घेऊन माणसं रांगेत उभी आहेत आणि एकाचंही नाव कोणाला येत नाही. आई ८१ वर्षांची आहे. तब्येत उत्तम, पण सकाळी झटकन सांगितलेलं नाव संध्याकाळी अडकतं. म्हणून फोटो आधी. दिवसाला पन्नासच, सकाळच्या चहानंतर, खिडकीपाशी उजेडात. एकीनं सांगायचं, दुसरीनं लिहायचं.

आणि लिहायचं म्हणजे काय, तर नाव. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या आजोबांनी (बाबांचे वडील) फोटोंच्या मागे सुरेख अक्षरात सगळं लिहून ठेवलंय. ठिकाण, महिना, साल, रोल नंबर. 'सौ. व मुले, महाबळेश्वर, मे १९५८, रोल नं. ७.' रोलला नंबर आहे, सौ.ला नाव नाही! अशा तेवीस फोटोंवर आजी नुसती 'सौ.' आहे. हे काही एकट्या आमच्या आजोबांचं वैशिष्ट्य नव्हे, तुमच्याही घरातले फोटो उलटून बघा. त्यात लग्नात नाव बदलायची पद्धत, म्हणजे एकच बाई माहेरच्या फोटोत एका नावाची आणि सासरच्या फोटोत दुसऱ्या. दोन पिढ्यांनी हे जुळवायला गेलं तर एका बाईच्या दोन बायका होतात. आम्ही आता दोन्ही नावं लिहितो, माहेरचं आधी.

(जाता जाता: मागे बॉलपेननं लिहू नका, दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात आणि शाई खालच्या फोटोला लागते. चित्रकलेची मऊ पेन्सिल घ्या. रंगीत फोटोची पाठ गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल उमटत नाही, मग फोटो पाकिटात घालून लिहायचं पाकिटावर. आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातले ते जाड पानांचे, पारदर्शक कागद उलगडून फोटो चिकटवायचे अल्बम... ते आधी रिकामे करा. त्यातला गोंद फोटो खातो. निघत नसेल तर ओढू नका, दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवला की बहुतेक वेळा सुटतो.)

आता फाडण्याबद्दल. फाडायला सुरुवात आईनं केली, आम्ही नाही. आधी तिनं ट्रंकेच्या तळाचं एक पिवळं पाकीट काढलं. त्यात धाकट्या काकासाठी सांगून आलेल्या मुलींचे फोटो होते, सात. स्टुडिओतला पडदा, शेजारी कुंडी, एक वेणी पुढे, नजर किंचित खाली. आता काका पंच्याहत्तरीचा. "या पोरींचे फोटो पन्नास वर्षं आपल्याकडे कशाला? त्यांच्या घरच्यांनी परत मागितले असतील, कोणी पाठवले नाहीत," असं म्हणत तिनं एकेक फोटो नीट बघितला आणि बारीक तुकडे केले. मला ते फार योग्य वाटलं. ज्यांना नाकारलं त्यांचे चेहरे आपल्या ट्रंकेत ठेवायचा आपल्याला हक्कच नव्हता.

मग लग्नांचे अल्बम आले. स्टेजवर पाकीट देतानाचे पाहुणे, पंगतीत घास हवेत थांबलेले पाहुणे, पाठमोरे पाहुणे. ती भराभर फाडत सुटली. व्हिडिओ कॉलवर दादा होता (मुक्काम पोस्ट न्यू जर्सी), तो ओरडलाच, "अगं आई, थांब, फाडू नकोस!" त्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "अरे, मी गेल्यावर तुम्हाला फाडावे लागतील. तुमचा हात धजणार नाही, मग आणखी तीस वर्षं ते कोणाच्यातरी माळ्यावर पडतील. माझा हात धजतोय तोवर मला फाडू दे."

मी पूर्णपणे तिच्या बाजूची आहे. फोटो आपल्या आईचे असले तरी ते आधी तिचे असतात. एक फोटो तिनं मला न दाखवता फाडला. मी विचारलं नाही. मॅग्नुसन आजींनी सुचवलेला एक प्रकार मला फार आवडतो, अगदी खासगी चीजवस्तूंचा एक डबा करायचा आणि वर लिहायचं की हा न उघडता टाकून द्या. मुलांनीही अशा डब्याचा मान ठेवायला शिकलं पाहिजे.

तिचा हात इतका सहज का चालतो याचं एक कारण मला वाटतं १२ जुलै १९६१ आहे. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. माहेर नारायण पेठेत. त्या दिवशी घरातले सगळे फोटो गेले, सगळे म्हणजे सगळे. तिच्या आईचा तरुणपणचा एकही फोटो आज जगात नाही. पण त्या आजीचा रंग, तिचं भांडण करताना पदर खोचणं, तिच्या हातच्या आळूच्या भाजीची चव हे आई इतकं सांगते, की मी न पाहिलेल्या त्या बाईला गर्दीत ओळखीन. उलट सांगलीच्या ज्या अल्बममध्ये नव्वद फोटो आहेत, तिथे मला एकही माणूस भेटत नाही. त्या पुरानंतर आजोबांनी काढलेले चार फोटो आमच्याकडे आहेत, भिंतीवर पाण्याची रेघ दिसते. ते अर्थातच ठेवले. ते नुसते आमच्या घरचे नाहीत.

दादाचं म्हणणं, सगळं स्कॅन करू, प्रश्न मिटला. मिटत नाही हो! ढीग फक्त माळ्यावरून ढगात जातो. २००५ च्या सुमाराला आम्ही हौसेनं सीड्यांवर फोटो उतरवले होते, आता त्या घालायला घरात यंत्र नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गुगलची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ ला संपली. स्कॅन जरूर करावेत, पण नावं लिहून झाल्यावर आणि निवडून उरलेल्यांचेच. बिननावाचे चौदाशे चेहरे ट्रंकेत असोत की संगणकात, ते अनोळखीच.

बाकी 'टाकू नका' म्हणणाऱ्यांसाठी मी एकच नियम केला आहे. ज्याला ठेवायचं आहे त्यानं न्यावं. दर खेपेला तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगांत लोणची, भाजणी आणि दिवाळी अंक बरोबर बसतात, पण वक्तृत्वस्पर्धेचे कप मात्र आईच्या माळ्यावर 'राहू देत'! भावना अमेरिकेत आणि गोदाम कोथरूडमध्ये, हे बरं आहे :) कपांचे फोटो त्याला पाठवले आणि कप भंगारात दिले. त्याची प्रगतीपुस्तकं त्यानं स्वतःच टाकायला सांगितली, का ते गणिताच्या रकान्यावरून कळलं. 'किशोर'चे जुने अंकही गेले, ते बालभारतीनं डिजिटल करून ठेवलेत, आपण कसर लागलेले गठ्ठे कशाला सांभाळायचे? माझी पितळी भातुकली भाचीच्या मुलीकडे गेली आणि पहिल्याच दिवशी तिनं त्यात खरा चिखल शिजवला. वाळे आणि बिंदल्या पुढच्या बारशाला निघतील. झबली-टोपडी आईनं एका गोधडीत शिवून घेतली. दुधाच्या दातांची डबी मात्र मी उघडली आणि लगेच मिटून कुंडीत रिकामी केली, त्याबद्दल मला काडीचीही हळहळ नाही.

साधारण अकराशे फोटोंमधले आता १६४ उरलेत, सगळ्यांच्या मागे नावं. जे फोटो दुसऱ्यांचे, ते त्यांच्या त्यांच्या घरी पोस्टानं गेले. मिरजेच्या आत्यांना त्यांच्या वडिलांचा फोटो पोचला तेव्हा त्या फोनवर बराच वेळ बोलल्याच नाहीत.

एकच अडलाय. १९६२ चा, पर्वतीच्या पायऱ्यांवरचा, चार मुली. डावीकडून पहिली आई, दुसरी तिची चुलतबहीण, चौथी नागपूरला दिलेली शेजारची मैत्रीण. तिसरी उंच आहे, दोन वेण्या, हातात पितळी डबा. पुरानंतर आईच्या घरचे सगळे काही महिने सदाशिव पेठेत नातेवाइकांकडे राहिले होते, तिथली ती असावी. त्या डब्यात दडपे पोहे होते आणि वर चढताना ती गात होती, एवढं आईला आठवतं. नाव आठवत नाही. नात्यातल्या, विशेषतः सदाशिव पेठेतल्या मंडळींनी घरातल्या ज्येष्ठांना विचारून बघा. कळलं तर लगेच फोन करा, आईला सकाळी अकराच्या आत.