इंजिन थांबलं की पंपही थांबलाच पाहिजे!



उन्हाळा तोंडावर आला की जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्या लोकांत एक चर्चा हमखास सुरू होते. "इलेक्ट्रिक पंप टाकून घेऊ का?" आमच्या नात्यात तर हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही निघतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. जरूर टाका, पण इंजिन थांबलं की पंप आपोआप थांबेल अशी वायरिंग करून घ्या. तेवढं जमणार नसेल तर जुना पंप आणि त्यावरचं ओलं फडकंच बरं.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी फडक्याचा खुलासा करतो. आमच्या अहमदपूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. लोह्यामार्गे नांदेडला किंवा चाकूरवरून लातूरला दुपारी निघालेली जुनी फियाट किंवा अॅम्बॅसेडर मध्येच आचके देते आणि बंद पडते. टाकीत पेट्रोल असतं, पण नळीत आणि पंपात त्याची वाफ झालेली असते, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि बाभळीच्या सावलीत अर्धा तास गप्पा मारायच्या. (गप्पा फुकट, बाकी सगळं महाग!)

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवला की हा त्रास खूपच कमी होतो. तो मागून पेट्रोल ढकलतो, आणि दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहजी होत नाही. इथपर्यंत सगळं छान.

आता जुना पंप काय करत होता ते बघा. मेस्त्री लोक ज्याला 'एसी पंप' म्हणतात तो इंजिनच्याच अंगावर बसतो आणि इंजिनच्याच कॅमशाफ्टवर चालतो. इंजिन फिरलं तर पंप हलणार, इंजिन थांबलं की पंप गप्प. शिवाय टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. ती नळी मध्येच तुटली तर पंप हवा ओढतो आणि गाडी बंद पडते. म्हणजे त्या बिचाऱ्या पंपात दोन सुरक्षा आपसूक होत्या. कुणी त्यांना नाव दिलं नव्हतं, त्यामुळे पंप काढून टाकताना आपण त्याही काढून टाकल्या हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

नव्या पंपाला इंजिनची काही खबर नसते. इग्निशनच्या वायरीवरून सरळ करंट दिला की किल्ली 'ऑन' असेपर्यंत तो चालणार. समजा रात्री गाडी झाडावर आदळली, इंजिन थांबलं, पुढची नळी फाटली, चालकाला शुद्ध नाही आणि किल्ली तशीच आहे. पंप इमाने इतबारे गरम इंजिनवर पेट्रोल ओततोय! एक ठिणगी पुरे.

कार कंपन्यांनी हा धोका फार पूर्वीच ओळखला. इंजेक्शनच्या गाड्यांत किल्ली फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि इंजिन फिरत असल्याचा निरोप मिळाला नाही तर कॉम्प्युटर त्याला थांबवतो. फोर्डच्या अनेक गाड्यांत धक्क्याने उघडणारा स्विचही असायचा. त्यात शंकूसारख्या वाटीत लोहचुंबकाने धरलेली एक गोळी असते. जोराचा धक्का बसला की गोळी सुटते आणि पंपाचा करंट तुटतो.

आणि आपल्याकडे? घरगुती सिलिंडर मारुती व्हॅनमध्ये उलटा ठेवून पळवण्याचे दिवस बऱ्याच जणांना आठवत असतील. 2000 साली कायदा बदलून गाडीत एलपीजी वापरायला परवानगी मिळाली आणि मान्यताप्राप्त किट आले. इंजिन थांबलं की गॅसची झडप आपोआप बंद होणं हा त्या किटचा गाभाच आहे. जी अक्कल गॅसला लावली ती पेट्रोलला का लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता थोडं वायरिंगबद्दल. बॅटरीवरून फ्यूज, फ्यूजवरून रिले, रिलेवरून पंप. खरा मुद्दा रिलेला हुकूम कुणी द्यायचा हा. एक मार्ग ऑइल प्रेशरचा, म्हणजे इंजिन फिरून ऑइलचा दाब आला तरच करंट. दुसरा मार्ग कॉइलवरचे ठोके मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रिलेचा, म्हणजे ठोके थांबले की पंप बंद. धक्क्याचा स्विच यांच्यासोबत एकाच ओळीत जोडावा, कारण धडकेनंतरही इंजिन चालू राहू शकतं.

इथे एक जुगाड फार चालतो. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लावणारा नेहमीचा स्विच उलटा असतो, दाब नसला की तो जोडतो. त्यावरूनच रिले चालवून पंप तोडतात. चालतंही झकास. पण त्या स्विचची वायर निखळली तर? रिलेला वाटणार सगळं आलबेल आहे, आणि पंप चालूच! लातूर रोड जंक्शनवर थांबणारी कुठलीही रेल्वे घ्या, ब्रेकचा पाइप तुटला की ब्रेक आपोआप लागतो. बिघाड झाला तर सुरक्षित बाजूला व्हावा, हे तत्त्व. म्हणून दाब आल्यावर जोडणाराच स्विच घ्यावा. स्टार्टर मारताना पंप चालावा यासाठी तीन टोकांचा स्विच मिळतो. नुसत्या वायरी एकत्र पिळल्या तर पंपाचा करंट उलटा स्टार्टरकडे जाऊ शकतो.

पंपही कार्ब्युरेटरचाच हवा, साधारण दोन ते चार पीएसआयचा. इंजेक्शनचा पंप याच्या दहापट दाब देतो. कार्ब्युरेटरच्या सुईला तो आवरत नाही आणि पेट्रोल बाहेर सांडतं.

"डॅशबोर्डखाली बटण बसवलंय की," असं एक काका म्हणतात. काका, ते बटण चोरासाठी उत्तम. पण अपघातानंतर ते दाबायला शुद्धीवरचा माणूस लागतो. "इतकी वर्षं काही झालं नाही," हेही ऐकतो. इतकी वर्षं जुना पंप होता, म्हणून झालं नाही!

शिवाय आता पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. 2025 पासून त्यात 20 टक्के इथेनॉल आहे. उसाला भाव मिळतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते, ते लवकर खराब होऊ शकतात. म्हणजे पाइप कमजोर आणि त्यात दाब जास्त.

ज्यांनी पंप आधीच बसवलाय त्यांनी आज संध्याकाळी एवढं करा. किल्ली 'ऑन' करा, पण इंजिन सुरू करू नका. डिकीजवळ जाऊन कान द्या. मिनिटभरानंतरही घरघर चालूच असेल तर तुमच्या गाडीत तोड नाही. (काही पंप कार्ब्युरेटरची वाटी भरली की स्वतःच गप्प होतात. त्या शांततेवर भरवसा नको, नळी फाटली की ते पुन्हा सुरू होतील. त्यांची वायरिंगच तपासून घ्या.)

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा आपण सगळेच हळवे झालो होतो. आपल्या भागात ज्या थोड्या उरल्यात त्या जरूर जपू. पण गाडीच्या आधी आत बसणारी माणसं जपायची. रिले, स्विच आणि वायरिंगवाल्याची एका दुपारची मजुरी, खर्च एवढाच.